पाहुण्याची खोली

३ मार्च

पोचले एकदाची. बसने हाडं खिळखिळी केली, पण खिडकीची जागा मिळाली आणि शेजारची बाई झोपणारी निघाली, म्हणजे प्रवास सुखाचाच म्हणायचा. संग्रहालय गावाच्या मधोमध, पूर्वीच्या कचेरीत आहे. दगडी जिना, लाकडी कठडे आणि जिथे तिथे ‘शांतता राखा’ अशा पाट्या, संडासाच्या दारावरसुद्धा. संचालकबाई नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी स्वतः चहा ओतून दिला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला सगळे नाना म्हणतात. नानांनी माझी बॅग उचलली आणि आत दगड आहेत का असं विचारलं. मी म्हटलं, बाटल्या आहेत. त्यांचा चेहरा उजळला. औषधाच्या आहेत म्हटल्यावर पुन्हा पडला.

काम एकाच चित्राचं. गेली दोन वर्षं मी हॉटेलांतले सूर्यास्त आणि लोकांच्या भिंतीवरचे सासरे धुऊन-पुसून पोट भरते आहे. खरं जुनं चित्र हाताखाली यावं म्हणून जीव नुसता टांगणीला लागला होता. ते वरच्या मजल्यावर, उत्तरेच्या खोलीत एकटंच असतं. कोणीतरी खुर्चीच्या कडेवर बसलं आहे, हात मांडीवर. बाकी सगळं तपकिरी वार्निशाखाली बुडालेलं, बाई आहे की पुरुष तेही धड कळत नाही. अजून चहा विचारलेला नाही अशा बेताने बसलं आहे, म्हणून इथे त्याला ‘पाहुणा’ म्हणतात. खाली पितळी पट्टी: चित्रकार अज्ञात, व्यक्ती अज्ञात. नाना म्हणाले, दोघांनी मिळून ठरवलेलं दिसतंय.

राहायची सोय त्याच खोलीला लागून, पण हे मी चित्रासमोरच्या टेबलापाशी बसून लिहिते आहे. सामान लावताना एक चष्मेवाले काका मदतीला आले. इथलेच जुने कर्मचारी असावेत. ईझल कुठे ठेवला म्हणजे उजेड नीट पडेल ते त्यांनी न विचारता दाखवलं. खिडकीची कडी कशी अडकते तेही सांगितलं. मग म्हणाले, चित्राला हात लावू नका, सकाळच्या गाडीने घरी जा. मी हसले. प्रत्येक जागी असा एक जण असतोच.

लेकीशी, टिकलीशी, फोनवर बोलले. तिचे बाबा गेल्यापासून ती माझ्याशिवाय पहिल्यांदाच राहते आहे, पण रडली नाही. मावशीकडे रात्री दोनदा गोष्ट मिळते म्हणाली. ताई मागून ओरडली की तू निवांत काम कर, इथली काळजी करू नकोस. मी तिला म्हटलं, दोनदा गोष्टीची सवय लावलीस तर पुढे तूच सांभाळ हिला.

४ मार्च

मजाच आहे. आत्ता कालचं पान वाचलं. त्यात कोणी चष्मेवाले काका आहेत. मला असं कोणी आठवत नाही. ईझल मात्र बरोबर जागी आहे. मीच ठेवला असणार, आणि झोपेत पेंगत काहीबाही खरडलं असणार.

आज नुसतं पाहिलं. भिंग घेऊन, तिरका उजेड टाकून, इंच-इंच. कोणी या चित्राला पूर्वी हात लावला नाही असं संचालकबाई शपथेवर सांगतात, पण ते खरं नाही. कॅनव्हासला मागून पट्ट्या लावलेल्या आहेत, त्याही वेगवेगळ्या काळच्या. रंगाचे थरही चेहऱ्यापाशी जाड आहेत, इतके की बाजूने पाहिलं तर चेहरा उंचवट्यासारखा वर आलेला दिसतो.

न्हाणीघरात पेल्यात चार-पाच टूथब्रश आहेत. खुंटीवर रंगाचे डाग पडलेले एप्रन, लहान, मोठे, एक तर पहिलवानाला व्हावा एवढा. कोणाचे म्हणून नानांना विचारलं तर ते माझ्याचकडे बघायला लागले. एक एप्रन मला बेतून शिवल्यासारखा बसला. धुऊन वाळत घातला आहे.

६ मार्च

सुरुवात झाली. खालचा डावा कोपरा. काडीला कापसाचा बोळा गुंडाळायचा, द्रावणात बुडवायचा, गोल गोल फिरवायचा. बोळा तपकिरी होतो, टाकायचा, नवा घ्यायचा. आयुष्यात मला येणारं हे एकच काम, आणि ते करताना मला दुसरं काही नको असतं. जुन्या वार्निशाखालून खुर्चीचा पाय निघाला. सुंदर हिरवट करडा.

दुपारी चष्मेवाले काका आले. पाहिल्याबरोबर ओळखलं, पहिल्या दिवशीचं सगळं लख्ख आठवलं. परवा कसं विसरले होते कोण जाणे. त्यांनी विचारलं, हात लावलात का? मी हो म्हटलं आणि कोपरा दाखवला. त्यांनी तो पाहिलाही नाही. खिडकीपाशी खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ बाहेर बघत राहिले. समोर न्हाव्याचं दुकान आहे, शेजारी लाँड्री. जाताना म्हणाले, तुमचं मूलबाळ? मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

९ मार्च

आज नानांनी मला फाटकावर अडवलं. तिकीट घ्या म्हणाले. मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून मीही म्हटलं, अर्धं द्या, मी अजून लहान आहे. ते हसले नाहीत. संचालकबाईंना बोलवावं लागलं. त्या पायऱ्या उतरून आल्या, मला पाहून क्षणभर गोंधळल्या आणि मग म्हणाल्या, हो, हो, चित्रासाठी आलेल्या बाई. नाना खूप वरमले.

जेवायला जिथे जाते तिथेही तसंच. गल्ल्यावरची बाई पहिल्या दिवशी माझ्याशी तासभर सुनेबद्दल बोलली होती. आज तेच सगळं नव्याने सांगायला लागली. ‘आमची सून, तुम्हाला काय सांगू.’ मी म्हटलं, सांगितलंत की. तिला ते लागलं.

कामाला मात्र वेग आला आहे. चित्रातले दोन्ही हात मोकळे झाले. पुरुषाचे हात आहेत, बोटांवर रंगाचे डाग. बसलेल्या माणसाच्या हातावर असे डाग कोण काढेल?

१३ मार्च

चेहऱ्यावर जांभळा दिवा टाकला. या दिव्याखाली नवे-जुने रंग वेगळे दिसतात.

चेहऱ्याखाली चेहरा आहे. त्याच्याखाली आणखी. एका कपाळात दुसऱ्या बाईचा भांग, गालाच्या आत कोणाची तरी दाढी. आणि प्रत्येक चेहरा वेगळ्या हाताचा. कोणी जाड फटकारे मारणारा, कोणी अगदी सुईच्या टोकाने काम करणारा. म्हणून चित्रकार सापडत नाही. एक असेल तर सापडेल. मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं. अशी गोष्ट माझ्या धंद्यात एखाद्यालाच मिळते.

संचालकबाईंना वर बोलावलं. काका खुर्चीत होते. बाईंनी त्यांना जुन्या ओळखीने नमस्कार केला, तब्येत विचारली. मग आम्ही दोघी खाली आलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मी म्हटलं, काका किती वर्षं आहेत इथे? त्या म्हणाल्या, कोण काका? मी म्हटलं, आत्ता वर बसले होते ते. त्या माझ्याकडे काळजीने बघत म्हणाल्या की वर तर कोणीच नसतं. आणि मग अगदी नम्रपणे विचारलं की माफ करा, आपण कोण?

ताईने फोन उचलला तेव्हा म्हणाली, कुठला नंबर हा? मी म्हटलं, अगं मी. तिने टीव्ही बारीक केला. मग म्हणाली, हो गं, माझं डोकं ठिकाणावर नाही हल्ली.

१६ मार्च

चेहरा मोकळा झाला. दुपारी, चांगल्या उजेडात.

काका आहेत.

तोच चष्मा, तीच उजवी भुवई जरा वर चढलेली. मी बोळा खाली ठेवला. ते माझ्या मागे उभे होते.

‘बरा काढलाय ना?’ त्यांनी विचारलं. ‘आरसा लहान होता, म्हणून कान जरा गंडलाय.’

मी खाली बसले. त्यांनी पाणी आणून दिलं. मग जे सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते, कारण माझे शब्द मला सुचत नाहीत.

‘मीही तुमच्यासारखाच आलो होतो. चौकट दुरुस्त करायला. चित्राला हात लावला की माणूस बाहेरच्यांच्या लक्षातून जातो. एकदम नाही, हळूहळू. आधी दुकानदार, मग शेजारीपाजारी, मग घरचे. या खोलीत तेवढा दिसतो. कोणी वर आलं तर बोलतं, बसतं, आणि जिना उतरलं की विसरतं. तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. दुसऱ्या दिवशीही सांगितलं. तुम्ही खोलीबाहेर पाऊल टाकलंत की संपलं. तिसऱ्या खेपेला लक्षात राहिलं, पण तोवर हात लागला होता.’

मी विचारलं, मग चेहरा का काढला?

‘काही दिवसांनी ही खोलीही आपल्याला सोडून देते. इथेही आपण कोणाला दिसेनासे होतो. तेव्हा आपला चेहरा चित्रात असला म्हणजे राहता येतं. माझ्या आधीच्या बाईंनी मला तेच सांगितलं. त्यांच्यावर मी काढला. त्यांनी कोणावर तरी काढला होता.’

मी विचारलं, घरचं कोणी आलं नाही का शोधायला?

ते हसले. ‘बायको आली होती एकदा, मैत्रिणींबरोबर फिरायला. मला विचारलं, प्यायचं पाणी कुठे मिळेल. मी सांगितलं, जिन्याखाली.’

१७ मार्च

सकाळी बॅग भरली आणि निघाले. काकांनी अडवलं नाही.

तिकीटखिडकीवर माझ्यामागच्याला तिकीट मिळालं, त्याच्यामागच्याला मिळालं. मी तशीच गाडीत चढले. कंडक्टर माझ्यावरून नजर फिरवून पुढे गेला. एक गृहस्थ आले आणि त्यांनी आपली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली, मग स्वतः बसायला लागले. मी उठून दांड्याला धरून उभी राहिले. चालेल, म्हटलं. घरापर्यंत उभी राहीन. दारात टिकली भेटली की सगळं ठीक होईल. तिच्या अंगाला माझा वास माहीत आहे.

गावाबाहेरचा पूल गेला आणि मला ताईच्या दाराचा रंग आठवेना. मग गल्ली. मग कुठल्या स्टँडवर उतरायचं ते. मी मनात टिकली, टिकली म्हणत राहिले, आणि मध्येच कळलं की हा शब्द मी का म्हणते आहे ते मला माहीत नाही. कोणाच्या तरी कपाळावरची टिकली असावी. पुढच्या थांब्यावर एवढंच उरलं की उत्तरेच्या खोलीत एक काम अर्धवट राहिलंय आणि बाटलीचं झाकण उघडं आहे.

उतरले आणि चालत परत आले. पाय सोलले.

खोलीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकलं आणि सगळं एकदम अंगावर आलं. तिचा चेहरा, तिची हाक, पहाटे माझ्या पोटावर पाय टाकून झोपायची ती. मी जमिनीवर बसून तोंडात पदर कोंबला. मी तिला विसरले होते. मुलगी आहे हेच विसरले होते. तिच्यापासून लांब असलं तरच ती मला आठवते. तिच्याकडे निघाले की जाते.

१९ मार्च

फोन टिकलीने उचलला. मी म्हटलं, सोन्या, मी बोलतेय. ती म्हणाली, मी कोण?

मी म्हटलं, आई.

ती म्हणाली, थांबा हं. आणि तिने हाक मारली, आई, तुझ्यासाठी फोन आहे.

ताई आली. राँग नंबर म्हणाली. गोड आवाजात म्हणाली, ताईचा आवाज गोडच आहे.

२२ मार्च

संचालकबाई वर आल्या. मी ईझलपाशी उभी होते. त्यांनी खोलीभर पाहिलं, कोणी दिवा चालू ठेवला म्हणून पुटपुटल्या, आणि दिवा बंद करून गेल्या.

काका म्हणाले, आता उशीर करू नका.

मी म्हटलं, नाही काढणार. तुम्हाला कशी पुसू?

ते म्हणाले, ‘अहो, किती वर्षं मी त्या न्हाव्याच्या दुकानाकडे बघतोय, तुम्हाला कल्पना आहे का? आधी त्याचा बाप होता तिथे. मला आता कंटाळा आलाय, खरंच. तुम्हाला पोर आहे. तुम्ही राहा.’

मला राहायचं आहे का? इथे राहिले तर निदान तिची आठवण राहते. नाही राहिले तर ती आईच्या मनातही उरणार नाही, म्हणजे माझ्या. तिला आई आहे. ताई चांगली आई आहे.

पण मला ती हवी आहे. आठवणीत तरी.

२४ मार्च

आरसा घेतला. त्यांच्या भुवईपासून सुरुवात केली. काका खुर्चीत बसून मला रंग सांगत होते. कपाळाला जरा पिवळा कमी करा. नाक चांगलं आलं. शेवटी डोळे राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि म्हणाले, खिडकी लावून घेत जा, धूळ फार येते.

मी त्यांच्या चष्म्यावरून ब्रश फिरवला.

मागे वळून पाहिलं तेव्हा खुर्ची होती.

२५ मार्च

संचालकबाईंनी आज नमस्कार केला. ‘अरे, तुम्ही इथे होय. बसा, बसा.’

बसले. खुर्चीच्या कडेवर.

२ एप्रिल

चित्र लोकांना खुलं झालं. लोक येतात. म्हणतात, डोळे किती जिवंत आहेत. पट्टी वाचतात, चक्‌ चक्‌ करतात. एका बाईंनी माझ्याकडे आणि चित्राकडे आळीपाळीने पाहिलं, अगदी तुमच्यासारखीच आहे हो, म्हणाल्या, आणि दाखवायला म्हणून नवऱ्याला बोलवायला खाली गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

शाळेच्या सहली. टिकलीएवढी मुलं. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते.

डोळ्यांचा रंग वाळत नाही. रोज बोट लावून बघते. ओलाच.

१४ एप्रिल

पाच वेळा बाहेर जाऊन पाहिलं. जिन्याच्या खाली तिचा आवाज जातो. फाटकापाशी चेहरा. आज लाँड्रीपर्यंत गेले आणि कोणाच्या तरी कपड्यांकडे बघत उभी राहिले, किती वेळ कोण जाणे. लहान मुलीचा फ्रॉक होता. छान आहे, असं वाटलं. फक्त छान.

परत आले तेव्हा —

आता जात नाही.

२३ एप्रिल

चार भिंती. खिडकी. न्हावी.

काकांशी बोलायची इतकी सवय झाली होती की आज मोठ्याने विचारलं, पाऊस येईल का. उत्तर मीच दिलं, त्यांच्या आवाजात.

रंग अजून ओला.

२ मे

ते आले आहेत.

खिडकीतून पाहिलं. भावोजी गाडी लावत होते. ताई डोळ्यांवर हात धरून इमारतीकडे बघत होती. आणि टिकली. केस कापलेत तिचे. मला न विचारता — मला कशाला विचारतील.

वर आले तिघं. मी टेबलाला धरून उभी राहिले. ताई म्हणाली, इथे बघण्यासारखं काय काय आहे? मग आपणहूनच बोलायला लागली, परक्या बाईशी बोलावं तसं. मार्चपासून या गावाचं नाव डोक्यात बसलंय म्हणाली. घरी गॅस चालू राहिलाय की काय असं वाटत राहतं ना, तसं. इथे काहीतरी विसरलंय. काय ते कळेना, म्हणून सुट्टीत यांना म्हटलं, जाऊन तर येऊ. बोलता बोलता तिचे डोळे भरले. तिलाच हसू आलं. बघा, वेडी मी, म्हणाली.

मी म्हटलं, काही विसरलं नसेल. घरी जा. सगळं ठीक आहे.

एवढं बोलले मी. नीट बोलले.

मग भावोजींना पाणी हवं होतं. मी सांगितलं, जिन्याखाली. ताई म्हणाली, हिचे पाय दुखतायत, जरा बघाल का हिच्याकडे, पाच मिनिटं?

बघते, म्हटलं.

ती इथे आहे. आत्ता. मी टेबलापाशी बसून लिहिते आहे, कारण हात रिकामा राहिला तर —

चित्रासमोर उभी आहे. म्हणते, काकू, या तुम्ही का? हो म्हटलं. म्हणते, डोळे ओले आहेत. रडतायत का? नाही, म्हटलं. रंग वाळला नाही. म्हणते, मला चित्रं येतात. मावशी — नाही, आई म्हणाली ती. आई म्हणते माझा हात छान आहे.

एकच ठिपका लावू का म्हणते. डोळ्यात. पांढरा.

नाही म्हटलं.

एकच ना.

एका ठिपक्याने ती माझी. इथे. रोज. दोन खुर्च्या. तिचे केस मी — ताईला आठवणारही नाही, त्रास होणार नाही तिला, कोणालाच होणार नाही —

नाही. लिहीत राहायचं. काहीही. खिडकी बंद आहे. धूळ नाही. न्हावी गिऱ्हाईकाची मान पुसतो आहे. ब्रश टेबलावर आहे. माझ्या डाव्या हाताशी. मी उजव्याने लिहिते.

ती माझ्याजवळ आली. काय लिहिता म्हणते. खांद्याला टेकून उभी आहे. टेकून. तिचं वजन —

म्हटलं, थांब, एवढी ओळ होऊ दे.

थांबली. शहाणी आहे.

जिन्यात ताईची चप्पल वाजतेय. ये गं. लवकर ये, ताई, घेऊन जा हिला, लवकर —

थांबली. खाली नानांशी बोलतेय. हसतेय.

टिकली म्हणते, झालं का? अजून एक ओळ. म्हणते, रडू नका, मी हळूच लावीन.

ब्रश उचलला तिने. मूठ करून धरलाय, चमचा धरावा तसा. असा नसतो गं धरायचा, बोटं सैल, अंगठा इथे, थांब, मी दाखव